सुका कचरा आधी सुका तर राहू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नाशिकच्या घंटागाडीवर ‘ओला’ आणि ‘सुका’ असे दोन कप्पे रंगवलेले असतात, घरोघरी हिरवा-निळा डबा असतो, आणि तरीही कचरा डेपोवर उतरणारा माल बहुतेक वेळा एकजीव झालेला दिसतो. खापर कधी नागरिकांवर फुटते, कधी गाडीवरच्या कामगारांवर. पण मूळ दुखणे ओलाव्याचे आणि त्यामागोमाग जागेचे आहे. या दोन गोष्टी जुळवल्या नाहीत तर डब्यांना कितीही रंग दिले तरी फरक पडणार नाही. म्हणून घर, सोसायटी आणि गाडी या तिन्ही ठिकाणी नेमके काय करायचे आणि काय बिघडते, हे तपशिलाने लिहीत आहोत.

सुरुवात रद्दीच्या तराजूपासून करू. कोरडा पुठ्ठा भंगारवाला हसत घेतो. तोच पुठ्ठा भिजला की एक तर वजनात घट धरतो किंवा सरळ नाकारतो, कारण ओल्या कागदाचा तंतू मऊ पडतो, दोन दिवसांत बुरशी धरतो आणि गिरणीत लगदा करताना तुटतो. तेलकट कागदाचे तर कल्याण नाहीच. लगद्याच्या पाण्यात तेल वेगळे होत नाही, त्याचे डाग नव्या कागदावर उठतात. पिझ्झाचे खोके, वड्याचा कागद, मिसळीची तर्री सांडलेला पुठ्ठा हे सगळे वरून कागद दिसले तरी रद्दी नव्हे. खोक्याचे वरचे कोरडे झाकण फाडून रद्दीत घालावे. खालचा तेलकट भाग बारीक फाडून खताच्या बादलीत टाकावा, तिथे तो कुजतो. वाटीभर आमटी आठवड्याची रद्दी नासवते. कचऱ्याचे वर्गीकरण म्हणजे मुख्यतः ही वाटीभर आमटी दुसऱ्या डब्यात जाऊ न देणे.

ओल्या डब्यात काळी प्लास्टिकची पिशवी घालण्याची सवय सर्वांत महाग पडते. पिशवीत हवा खेळत नाही, कचरा सकाळपर्यंत आंबतो, आणि गाडीत ती पिशवी तशीच बांधलेली पडते. पुढे कोणीतरी हाताने फाडल्याशिवाय त्या कचऱ्याचे खत होत नाही. त्याऐवजी आपल्याच वर्तमानपत्राची दोन पूर्ण पाने आडवी-उभी एकमेकांवर ठेवून डब्यात बसवावीत. (आमचे पत्र ज्या पानावर छापाल, ते पानही परवा याच कामी यावे, आमची हरकत नाही.) कागदासकट डबा गाडीच्या ओल्या कप्प्यात उलटा करता येतो. एकच पथ्य: ताक, आमटी, भाताची पेज असे पातळ पदार्थ आधी सिंकवरच्या जाळीतून गाळायचे आणि फक्त चोथा डब्यात टाकायचा. भाजीपाल्यात मुळातच ऐंशी-नव्वद टक्के पाणी असते, वरून आणखी घालायची गरज नाही.

आता दुधाच्या पिशव्या. रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या घेणाऱ्या घरात वर्षाला 730 पिशव्या जमतात. साठ घरांच्या सोसायटीत महिन्याला 3,600. रिकामी पिशवी जेमतेम तीन ग्रॅमची धरली तरी दहा-अकरा किलो चांगले, एकाच जातीचे प्लास्टिक. पिशवी आतून धुतलेली नसेल तर हाच माल दोन दिवसांत आंबट वास मारू लागतो आणि कोणी हात लावत नाही. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, एका बाजूने चिकटलेला ठेवावा, कारण तो नखाएवढा तुकडा ना डब्यात राहतो ना चाळणीत सापडतो, गटारातून थेट नंदिनी किंवा वाघाडी नदीत आणि तिथून गोदावरीत पोहोचतो. धुतलेले पाणी कुंडीत घालावे, पिशवी ओट्याच्या टाइलवर चिकटवून ठेवावी, तासाभरात सुकते. तेलाच्या पिशव्या मात्र अशा निघत नाहीत. त्या चिमूटभर पीठ किंवा कोंडा घालून आतून चोळाव्यात, तो कोंडा खतात टाकावा.

पाण्या-सरबताच्या बाटल्या रिकाम्या करून, चेपून, झाकण लावूनच द्याव्यात. चेपल्याने जागा वाचते, झाकण लावल्याने बाटली पुन्हा फुगत नाही. शाम्पूचे डबे, बादल्या, मोडक्या खुर्च्या हे कडक प्लास्टिक वेगळे ठेवले तर विकले जाते. चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटे ही खरी अडचण. त्यात प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वितळवून नवी वस्तू करणे परवडत नाही. ती बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला जाळली जातात. त्यांना ‘रिसायकल’ म्हणणे जरा उदारपणाचेच आहे, पण निदान ती कोरडी आणि एकत्र असतील तरच भट्टीही घेते. पाकीट बाटलीत कोंबून देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की त्यामुळे बाटलीही बाद होते.

कपड्यांसाठी नाशिकला वेगळी यंत्रणा शोधायची गरज नाही. जुन्या साडीवर पातेले देणारी बोहारीण हे काम कित्येक पिढ्या करत आली आहे. तिच्याकडे जाण्यालायक नसलेल्या चिंध्या धुऊन, वाळवून वेगळ्या गाठोड्यात द्याव्यात, गॅरेजवाल्यांना लागतात. ओल्या फडक्यांचा गोळा सुक्या डब्यात टाकू नये.

सॅनिटरी पॅड आणि डायपर हे ना ओले ना सुके. ते कागदात गुंडाळून, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढून वेगळे द्यावेत. पुण्यातल्या कचरावेचक महिलांनी ही लाल ठिपक्याची खूण नागरिकांना शिकवली, तीच इथेही उचलावी. डायपरमधली भुकटी पाणी शोषून कैक पटीने फुगते, त्यामुळे खतात गेली तर कुजत नाही आणि शौचालयात गेली तर नळी तुंबते. फुटकी काच कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहावे. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकण घट्ट करावे. सुका कचरा हाताने निवडला जातो, यंत्राने नव्हे, हे ज्याला ठाऊक आहे तो सुई उघडी टाकणार नाही.

विजेचे दिवे आणि सेल यांचा हिशेब डोळे उघडणारा आहे. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी, म्हणजे शहराच्या कचऱ्याच्या खतासाठी, पाऱ्याची कमाल मर्यादा किलोमागे 0.15 मिलिग्रॅम आहे. एका सीएफएल दिव्यात साधारण 3 मिलिग्रॅम पारा धरला, तर तो दिवा ओल्या कचऱ्यात फुटल्यावर 20 किलो खत मर्यादेपर्यंत न्यायला पुरेसा आहे. शिसे आणि कॅडमियम यांच्याही मर्यादा त्याच आदेशात आहेत, अनुक्रमे किलोमागे 100 आणि 5 मिलिग्रॅम. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराने शहराचे खत बिनघोर उचलावे अशी इच्छा असेल तर सेल आणि दिवे त्यातून बाहेर ठेवणे ही शहराची जबाबदारी आहे. फुगलेली पॉवर बँक किंवा मोबाइलची बॅटरी तर सुक्यातही नको. गाडीत कचरा दाबला जाताना ती चेपते, आतून तापते आणि पेट घेते. सुक्या कचऱ्याला लागणाऱ्या आगींचे हे एक नेहमीचे कारण. अशा बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.

घरच्या घरी खत करणाऱ्यांसाठी थोडे विस्ताराने. चार माणसांच्या घरात रोज सुमारे सहाशे ग्रॅम ओला कचरा निघतो. त्याला 20 लिटरच्या तीन बादल्या लागतात. एक भरत असते, दोन मुरत असतात. बादलीला तळाशी आणि बाजूंनी तीन-तीन इंचांवर पेन्सिल जाईल एवढी भोके पाडावीत आणि खाली ताट ठेवावे. तळाला नारळाच्या शेंड्यांचा तीन इंचांचा थर. त्यावर ओंजळभर जुने खत किंवा शेणखत. ते नसेल तर आंबट ताकाचा शिडकावा. रोजचा कचरा बोटाच्या पेराएवढा चिरून टाकायचा आणि त्यावर तेवढ्याच आकारमानाचा कोरडा माल: वाळकी पाने, लाकडाचा भुसा किंवा नारळाचा भुसा. भुसा अंबड-सातपूरच्या फर्निचरवाल्यांकडे फुकट मिळतो, पण प्लायवूड किंवा एमडीएफचा (भुसा चिकटवून केलेल्या फळ्यांचा) घेऊ नये, त्यात डिंकाची रसायने असतात. दर तिसऱ्या दिवशी काठीने तळापासून हलवायचे. बादली भरायला वीसेक दिवस लागतात, नंतर चाळीस दिवस मुरू द्यायची.

हे बिघडते ते जवळजवळ नेहमी कोरडा माल हात आखडून घातल्याने. मूठभर मिश्रण घट्ट पिळून पाहावे: एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर ओले, भुरभुरले तर कोरडे. नाकाला झोंबणारा वास आला म्हणजे पाने कमी पडली. कुजक्या अंड्याचा वास आला म्हणजे आत हवा नाही, हलवायला हवे. मुंग्या झाल्या तर पाणी शिंपडावे, मे महिन्यात हे वरचेवर लागते. चपट्या, जाड, करड्या अळ्या दिसल्या की लोक घाबरून बादली फेकून देतात. त्या एका मोठ्या काळ्या माशीच्या असतात, ती माशी स्वयंपाकघरातल्या अन्नावर बसत नाही आणि अळ्या कचरा झपाट्याने संपवतात. किळस वाटत असेल तर वरून दोन इंच भुसा घालावा. चिलटे मात्र फळांच्या साली उघड्या राहिल्याने होतात. आंब्याच्या कोयी बादलीत घालू नयेत, वर्षभर तशाच राहतात. हाडे आणि माशाचे काटेही गाडीलाच द्यावेत, नाहीतर उंदीर येतात. निर्माल्य चालते, पण हारांचे दोरे, जरी आणि कापराच्या पुड्या काढून.

वाळक्या पानांचा साठा हा सगळ्या खताचा पाया आहे, आणि नाशिककर तो दरवर्षी जाळून टाकतात. माघ-फाल्गुनात रस्तोरस्ती पानांचे ढीग पेटलेले दिसतात. उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000 रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये दिला होता. दंड बाजूला ठेवा. हीच पाने जुलै-ऑगस्टमध्ये, हवा दमट आणि कचरा चिकट असताना, सोन्याच्या भावाची वाटतात. घरटी दोन पोती भरून पत्र्याखाली ठेवली तर पावसाळा निघतो. गुलमोहराची बारीक पाने लवकर कुजतात. पिंपळाची पायाने चुरून घ्यावीत. निलगिरी आणि रबराच्या झाडाची पाने टाळावीत.

सोसायट्यांबाबत आमचे मत थोडे कडवट आहे. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी 5,000 चौरस मीटरहून मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवायला सांगितले. त्यावर बऱ्याच ठिकाणी ‘24 तासांत खत’ देणारी विजेची यंत्रे आली. ही यंत्रे प्रामुख्याने कचरा तापवून वाळवतात आणि भुगा करतात. बाहेर येते ते खत नव्हे, सुकवलेला कचरा. तो कुंडीत घालून पाणी दिले की पुन्हा तापतो, पांढरी बुरशी धरतो आणि रोप मरते. मग ‘खत वाईट’ म्हणून पोती कोपऱ्यात पडतात. यंत्र घेतलेच असेल तर त्यातला माल ओलसर करून किमान पंधरा-वीस दिवस खताच्या हौदात मुरू द्यावा, मगच झाडांना घालावा. वीजबिल मात्र चुकत नाही.

साध्या हौदांचे गणित असे. साठ घरे, रोज 36 किलो ओला कचरा म्हणजे साधारण 72 लिटर. त्यात 50 लिटर पाने. एकूण 120 लिटर, पण आठवड्यात खचून निम्मे होते. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल हौदात 765 लिटर बसते, म्हणजे तो सुमारे बारा दिवसांत भरतो. असे पाच हौद बांधले तर पहिल्याची पाळी पुन्हा येईपर्यंत त्याला 48 दिवस विश्रांती मिळते. चार बांधले तर 36 दिवसच मिळतात आणि अर्धे कच्चे खत काढावे लागते, बहुतेक ठिकाणी चूक होते ती इथेच. भिंतीत विटा एकआड एक सोडून जाळी ठेवावी, वर पत्रा टाकावा, तळाला उतार देऊन निचऱ्याची नळी काढावी. नळीतून येणारे तपकिरी पाणी दहापट पाणी मिसळून झाडांना घालता येते. रोज सहा-सात किलो खत हाती लागते. सोसायटीच्या बागेला पुरून उरते. जागा तळमजल्यावर, पण कोणाच्याही स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नको. एवढ्या एका कारणावरून पाच हौदांचा प्रकल्प मीटिंगमध्ये पडतो.

आता गाडीकडे. घंटागाडी ही नाशिकने महाराष्ट्राला दिलेली देणगी असे आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा तिच्या कप्प्यांचे माप घेण्यात कमीपणा मानू नये. पाचशे घरांच्या फेरीत ढोबळमानाने 300 किलो ओला आणि 100 किलो सुका कचरा येतो. ओला जड असतो, घनमीटरमागे साडेचारशे-पाचशे किलो, म्हणजे त्याला पाऊण घनमीटरही लागत नाही. सुका फुसका असतो, घनमीटरमागे ऐंशी-शंभर किलो, म्हणजे त्याला एक ते सव्वा घनमीटर लागतो. वजनाने तिप्पट असलेल्या ओल्याला सुक्याच्या जवळपास निम्मी जागा पुरते. कप्पे मात्र अनेकदा अर्धे-अर्धे असतात. मग फेरीच्या मध्यावर सुका कप्पा शिगोशीग भरतो आणि उरलेल्या घरांचा सुका माल ओल्यावर टाकण्यावाचून कामगाराला गत्यंतर नसते. नागरिकाने सकाळी केलेले वर्गीकरण दहाव्या गल्लीत मातीत जाते, तो ते बाल्कनीतून पाहतो आणि दुसऱ्या दिवसापासून सोडून देतो.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वार ठरवणे. ओला कचरा रोज. सुका आठवड्यातून दोनदा, उदाहरणार्थ बुधवारी आणि रविवारी, आणि त्या दिवशी सुक्यासाठी दुसरी, आख्खी मोकळी गाडी. इतर दिवशी सुका घ्यायचाच नाही. धुऊन वाळवलेला सुका कचरा घरात चार दिवस राहिला तरी वास येत नाही. येत असेल तर तो सुका नाही, आणि ही तपासणी घरच्या घरी आपोआप होते. बेंगळुरूत 2015 च्या न्यायालयीन आदेशानंतर ‘दोन डबे, एक पिशवी’ ही पद्धत रुजवली गेली, त्यात सुक्यासाठी डबा नाही तर पुन्हा वापरायची पिशवी आहे, ती यासाठीच.

जुन्या नाशिकच्या बोळांत गाडी शिरत नाही आणि वाड्यांत हौदाला जागा नाही, तिथे हा उपाय जसाच्या तसा चालणार नाही. तिथे सुका कचरा त्या भागातल्या भंगारवाल्यांनाच सोपवावा, त्यांना हातगाडी, हातमोजे आणि निवडायला पत्र्याची एक शेड द्यावी. तेच लोक आजही बाटल्या आणि पत्रा वेचून काढतात, फक्त कचराकुंडीत वाकून. सिडकोच्या रो-हाउसमध्ये उलट स्थिती आहे. मागे थोडे अंगण असते, तिथे तीन बादल्या सहज मावतात.

पाथर्डीच्या खतप्रकल्पाबद्दल आणि विल्होळीच्या वीजनिर्मिती प्रकल्पाबद्दल तक्रारी करणाऱ्यांनी तिथे काय पोहोचते तेही पाहावे. जर्मन सहकार्याने उभारलेला आणि 2017 मध्ये सुरू झालेला, हॉटेलांचा ओला कचरा आणि मैला एकत्र कुजवून वीज करणारा 30 टनी प्रकल्प हा उत्तम विचार आहे. पण अशा यंत्रणेत प्लास्टिकची पिशवी किंवा हाराचा दोरा गेला की तो फिरत्या दांड्याला गुंडाळला जातो आणि पंप थांबतो. खताच्या बाजूला चाळण्या असतात, शेवटची 4 मिलिमीटरची. पिशव्या वरच अडकतात, पण काचेचा बारीक चुरा तिच्यातून सरळ खाली येतो, आणि शेतकरी खत हाताने पसरतो. एकदा टोचले की तो पुन्हा ट्रॉली आणत नाही.

महापालिकेकडे मागणी मोजकी आहे. सुक्यासाठी वार आणि वेगळी गाडी. सहा विभागांत प्रत्येकी किमान एक जागा, जिथे सेल, दिवे, बॅटऱ्या आणि मुदत संपलेली औषधे रोज घेतली जातील. सध्या या वस्तू कुठे द्यायच्या हे ठाऊक नसल्याने त्या डब्यात जातात. हॉटेले आणि मंगल कार्यालयांच्या ओल्या कचऱ्याची गाडी रात्रीच, बंद झाल्यावर तासाभरात, कारण सकाळपर्यंत त्यातले पाणी सुटलेले असते. आणि प्रत्येक विभागाचा ओला, सुका व नाकारलेला कचरा किती टन आला, हे आकडे विभागीय कार्यालयाच्या फलकावर दर सोमवारी. नाकारलेला आकडा वाढला तर त्या आठवड्यात गाडी चुकली की घरे चुकली, हे पंचवटीच्या फलकाशेजारी सातपूरचा ठेवला की पंधरा दिवसांत कळेल.

सिंहस्थ कुंभमेळा 2027 मध्ये आहे. त्या गर्दीत लाखो पाहुण्यांना ओला-सुका शिकवत बसायला वेळ नसेल. त्याआधीचा एक पावसाळा आपल्या हाताशी आहे, आणि त्यासाठीची पाने या फाल्गुनातच पोत्यात भरावी लागतील.

आपले,
कचरा व्यवस्थापनाच्या कामातील काही वाचक, नाशिक